फुरसतीची चित्रे: डेल्फ्टचे अंगण आणि बडोद्याची दुकाने

सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी देव, राजे आणि पुराणपुरुष यांना थोडे बाजूला सारून पत्ते कुटणारे सैनिक, गोठलेल्या कालव्यावर घसरणारी पोरे, पेला हातात धरून गप्पांत रंगलेले शेजारी आणि खिडकीपाशी पत्र वाचत उभी असलेली बाई यांना चित्राच्या मध्यभागी आणले, ही हकीकत कलेच्या इतिहासात पुष्कळदा सांगितली गेली आहे. ती सांगताना भर बहुधा विषयांच्या साधेपणावर किंवा चित्रकारांच्या हातोटीवर दिला जातो, आणि या चित्रांतली माणसे जी उपभोगत असतात ती फुरसत स्वतःच अभ्यासाचा विषय होऊ शकते, हे मागे पडते. फुरसत सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. ती कोणाला मिळते, कोणाच्या श्रमावर मिळते, कोणत्या जागी आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी मिळते, ती उपभोगताना मनात समाधान असते की टोचणी, हे प्रत्येक समाजात निराळे असते, आणि चित्रकार जेव्हा रिकामा बसलेला माणूस रंगवतो तेव्हा या सर्व प्रश्नांची उत्तरे त्याला, ठरवून असो वा नकळत, रंगांतच द्यावी लागतात. प्रस्तुत ग्रंथ या उत्तरांचा शोध दोन ठिकाणी घेतो: सतराव्या शतकातील हॉलंडच्या शहरांत आणि विसाव्या शतकातील वडोदऱ्यात, म्हणजे मराठी माणसाच्या बडोद्यात.

अशा चित्रांना युरोपीय कलेतिहासात ‘झान्र’ हे फ्रेंच नाव रूढ आहे. या ग्रंथात त्यांना ‘जनजीवनचित्रे’ म्हटले असून ज्यात धर्मकथा, ऐतिहासिक घटना किंवा ओळख पटणारी विशिष्ट व्यक्ती नाही, तर नावगाव नसलेली माणसे नेहमीच्या जागी नेहमीचे काही करीत आहेत, अशा चित्रापुरता तो शब्द वापरला आहे. हा प्रकार डच प्रजासत्ताकात इतका फोफावला याची कारणे बरीचशी व्यवहारातली आहेत. स्पेनच्या राजाविरुद्ध दीर्घकाळ लढून १६४८ मध्ये ज्या प्रांतांनी आपले स्वातंत्र्य मान्य करून घेतले, त्यांच्याकडे चित्रकार पोसणारा मोठा राजदरबार नव्हता, आणि त्यांच्या सुधारित पंथाच्या चर्चमध्ये पूजेसाठी चित्रे लावण्यास मनाई होती. त्यामुळे चित्रकाराचे दोन्ही जुने आश्रयदाते एकदमच दुरावले आणि त्याला बाजाराकडे वळावे लागले. सेंट ल्यूकच्या नावाने चालणारे चित्रकारांचे संघ, म्हणजे धंद्याचे नियम ठरवणाऱ्या त्यांच्या श्रेणी, शहरोशहरी होते. चित्रे दुकानांत, जत्रांत, सोडतींत आणि लिलावांत विकली जात, आणि सुतार, पाववाले, कापडाचे व्यापारी अशी मध्यम स्थितीतली गिऱ्हाइके ती घेऊन घराच्या भिंतीवर लावीत. इंग्रज प्रवासी जॉन एव्हलिन याने १६४१ मध्ये रॉटरडॅमच्या जत्रेत चित्रांची रेलचेल पाहून आपल्या रोजनिशीत आश्चर्य व्यक्त केले आहे. त्याने शेतकऱ्यांच्या चित्रखरेदीविषयी जे लिहिले त्यात अतिशयोक्ती असावी असे आजचे अभ्यासक मानतात, परंतु चित्र ही त्या समाजात विकत घेण्याजोगी, मध्यम घरातही शोभणारी वस्तू झाली होती, हे घरोघरच्या मालमत्तेच्या याद्यांवरूनही दिसते. ज्याने चित्र विकत घ्यायचे त्यालाच चित्रात आपल्यासारखी माणसे दिसू लागली.

या चित्रांतल्या फुरसतीचे प्रकार मात्र एकमेकांपासून फार दूरचे आहेत. कांपेन गावात आयुष्य काढलेला मुका चित्रकार हेंड्रिक आव्हेरकाम्प (१५८५–१६३४) याच्या हिवाळी दृश्यांत सारे गावच बर्फावर उतरलेले असते. श्रीमंत जोडपी, कोळी, भिकारी, काठीने चेंडू टोलवीत ‘कोल्फ’ नावाचा खेळ खेळणारी माणसे आणि तोल जाऊन उताणी पडलेली बाई, असे सर्वजण एका गोठलेल्या सपाटीवर सारखेच उघडे दिसतात. त्या काळात युरोपचे हिवाळे आजच्यापेक्षा बरेच कडक असत, जलमार्ग गोठले की होड्यांची वाहतूक अडे, आणि अडलेल्या कामातून खेळ निर्माण होई. हार्लेमच्या आड्रियान व्हान ओस्टाडे (१६१०–१६८५) याने धुराने काळवंडलेल्या गुत्त्यांत चिलीम ओढणारे, फिडलच्या तालावर वेडेवाकडे नाचणारे खेडूत रंगवले. लायडनचा यान स्टीन (सुमारे १६२६–१६७९) हा बिअर गाळणाऱ्याचा मुलगा. त्याने स्वतः डेल्फ्टमध्ये काही काळ बिअरचा कारखाना चालवला आणि १६७२ मध्ये लायडनमध्ये खानावळीचा परवाना काढला, त्यामुळे त्याच्या चित्रांतला गोंधळ, म्हणजे सांडलेला पेला, बापाकडून चिलीम ओढायला शिकणारे पोर, झोपलेल्या यजमानिणीच्या खिशात हात घालणारा मुलगा, हा दुरून पाहिलेला वाटत नाही. शतकाच्या मध्यानंतर गेरार्ड टेर बोर्ख, पीटर द होख, गाब्रिएल मेत्सू आणि डेल्फ्टचा योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) यांनी हाच विषय शांत, स्वच्छ, उजेडाच्या खोल्यांत आणला, जिथे माणसे थोडी असतात, बहुधा स्त्रिया असतात, आणि त्या वाद्य वाजवतात, पत्र लिहितात, पोपटाला खाऊ घालतात किंवा नुसत्याच थांबलेल्या असतात.

अशा चित्रांचा अर्थ कसा लावावा यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा वाद झाला, आणि मराठी वाचकासाठी तो विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे चित्रासमोर उभे राहिल्याबरोबर त्यातली ‘गोष्ट’ आणि गोष्टीचे तात्पर्य विचारण्याची सवय खोल रुजलेली आहे. डच अभ्यासक एडी द योंग यांनी १९७६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये भरवलेल्या प्रदर्शनातून असे मांडले की ही चित्रे वरवर करमणुकीची असली तरी त्यांच्या आत उपदेश दडलेला आहे. याकोब काट्स या कवीसारख्यांच्या चित्रयुक्त सुभाषितांच्या पुस्तकांशी ती ताडून पाहिली की विझलेली चिलीम, उघडा पिंजरा, तुटलेली तार यांना आयुष्याची क्षणभंगुरता, ढळलेले शील, आळसाचे पाप असे अर्थ लाभतात. त्याउलट स्वेतलाना आल्पर्स या अमेरिकन अभ्यासिकेने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात डच चित्रकला ही प्रामुख्याने पाहण्याची आणि वर्णन करण्याची कला आहे, नकाशे, भिंगे आणि सूक्ष्मदर्शक यांच्या त्या युगात डोळ्यांनी जे दिसते त्याची नोंद हेच ज्ञान होते, आणि प्रत्येक वस्तूमागे उपदेश शोधणे ही इटालियन चित्रांवरून लागलेली सवय आहे, असे प्रतिपादन केले. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु तात्पर्याची घाई किती फसवी ठरू शकते याचे टेर बोर्खच्या एका चित्राइतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणार नाही.

सुमारे १६५४ मध्ये रंगवलेल्या त्या चित्रात रुपेरी साटीनचा पायघोळ झगा घातलेली एक तरुणी आपल्याकडे पाठ करून उभी आहे, तिच्या समोर खुर्चीत बसलेला सैनिकी वेशातला पुरुष उजवा हात उचलून तिला काही सांगतो आहे, आणि त्यांच्यामध्ये बसलेली एक स्त्री पेल्यातून घोट घेते आहे. अठराव्या शतकात योहान गेऑर्ग विले या कोरीव-मुद्रकाने या चित्राचा ठसा काढला तेव्हा त्याला ‘बापाचा उपदेश’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले, आणि जर्मन साहित्यिक गटेने १८०९ च्या आपल्या कादंबरीत तेच गृहीत धरून मुलीला समजावणारा थोर बाप, संकोचाने पेल्यात डोळे लपवणारी आई आणि मान खाली घातलेली लेक, असे साऱ्या प्रसंगाचे वर्णन केले. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आले की हा ‘बाप’ मुलीच्या बापाच्या वयाचा नाहीच, मागे पलंग आहे, आणि प्रसंग लग्नाच्या मागणीचा असो वा पैशाच्या सौद्याचा, उपदेशाचा तरी खास नाही. टेर बोर्खने तरुणीचा चेहरा दाखवलेला नाही; तिचे उत्तर काय ते त्याने आपल्याला कळू दिलेले नाही, आणि त्या न कळण्यातच चित्राचा सारा ताण आहे. साटीनच्या चुण्यांवरून सरकणारा उजेड मात्र त्याने इतक्या निष्ठेने रंगवला आहे की पाहणाऱ्याची नजर, कथा कोणतीही असो, त्या पाठीवरच खिळून राहते.

द होख याने १६५८ मध्ये रंगवलेले डेल्फ्टमधल्या एका घराचे अंगणही जवळून पाहण्याजोगे आहे; ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. डावीकडे विटांची कमान, तिच्यातून आरपार दिसणारा बोळ आणि त्या बोळात पाठमोरी उभी असलेली बाई. उजवीकडे पायरी उतरून अंगणात येणारी मोलकरीण आणि तिचा हात धरलेली लहान मुलगी. खाली झाडू आणि बादली. विटांच्या दरजा, उडालेला चुना, मोडकळीला आलेले कुंपण हे सर्व इतके नेमके आहे की चित्रकाराचा बाप गवंडी होता हे कळल्यावर नवल वाटत नाही. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रात द होखने हीच कमान, वरच्या शिळालेखासकट, पुन्हा घेतली आहे आणि तिथे उजव्या बाजूला मांडवाखाली पुरुष आणि एक स्त्री पेय घेत, चिलीम ओढीत निवांत बसली आहेत. जागा तीच, ऊन तेच, विटा त्याच; एका चित्रात काम, दुसऱ्यात फुरसत. डच शहरात या दोहोंच्या मध्ये उंबरठा होता, चर्चच्या घंटेची वेळ होती आणि कामाला प्रतिष्ठा देणाऱ्या धर्माची करडी नजर होती. काम आटोपल्यावर फुरसत मिळवली जाई, आणि मिळवलेली म्हणूनच ती टापटिपीने, जवळजवळ ऐवजासारखी, चित्रात मांडली जाई. व्हर्मीरच्या ‘प्रेमपत्र’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रात वाद्य मांडीवर घेतलेली मालकीण आणि तिला नुकतेच पत्र आणून दिलेली मोलकरीण दिसतात, पण पुढच्या बाजूला, दारातच, टाकलेला झाडू आणि काढून ठेवलेल्या सपाता आहेत. मालकिणीची दुपार कोणाच्या हातांवर उभी आहे हे चित्रकाराने लपवलेले नाही.

अशा चित्रांवरील मराठी ग्रंथात बडोद्याने इतकी जागा का व्यापावी, असा प्रश्न रास्त आहे. व्यापाराचे धागे जुने आहेत: डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरतेत वखार घातली, भडोच, बडोदे आणि अहमदाबाद या भागांतून ती सुती कापड आणि नीळ उचलू लागली, आणि १६३७ मध्ये कोकणात वेंगुर्ल्यासही तिची वखार उभी राहिली. हार्लेमचा चित्रकार कॉर्नेलिस क्लास हेडा हा तर विजापुरास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी होता, आणि शतकाच्या मध्यावर ॲम्स्टरडॅममध्ये रेंब्रांटने मुघल लघुचित्रांवरून रेखाटने केली, त्यांतली वीसहून अधिक आज शिल्लक आहेत. परंतु या धाग्यांतून बडोद्यात जनजीवनचित्रांची परंपरा उगवली असे म्हणणे चुकीचे ठरेल, आणि हा ग्रंथ तसे म्हणत नाही. बडोद्याचे खरे वैशिष्ट्य असे की युरोपच्या कलेचा इतिहास नीट मांडून दाखवणारे सार्वजनिक चित्रदालन एका मराठी राजाने इथे उभारले, आणि पुढे अर्ध्या शतकाच्या आत याच शहरात रोजच्या माणसांच्या रिकाम्या वेळेला चित्राचा विषय करणारी एक समर्थ पिढी घडली.

महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे (१८६३–१९३९) यांनी वस्तुसंग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण करविली आणि तिला जोडून चित्रदालन बांधविले. त्यासाठी युरोपीय चित्रांची निवड मॅरियन स्पीलमन या इंग्रज समीक्षकाच्या सल्ल्याने झाली. १९१४ मध्ये दालन तयार झाले, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून चित्रे आणणे लांबले आणि ते १९२१ मध्ये खुले झाले. इटालियन, स्पॅनिश, इंग्रज चित्रांबरोबर डच आणि फ्लेमिश शाळांची चित्रेही या संग्रहात आहेत, आणि संग्रहालय जिथे आहे त्या कामाठीबागेत फिरायला आलेली माणसे, सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन, प्राणिसंग्रहालय पाहून झाले की ती पाहत आली आहेत. सयाजीरावांनी ज्ञान मराठीत आणि गुजरातीत यावे म्हणून श्रीसयाजी साहित्यमालेसारख्या ग्रंथमाला चालविल्या. परदेशातली चित्रे प्रजेच्या बागेत आणून टांगणे हा त्याच विचाराचा भाग होता. १९४० च्या दशकात या संग्रहालयाचे संचालक झालेले हर्मन गेट्झ हे जर्मन कलेतिहासकार भारतात येण्यापूर्वी काही वर्षे लायडनच्या केर्न संस्थेत, म्हणजे यान स्टीनच्याच गावी, भारतीय पुरातत्त्वाच्या कामावर होते. युरोपीय आणि भारतीय चित्रे एकाच निकषांनी, सारख्याच आदराने तपासण्याची जी शिस्त त्यांनी संग्रहालयाच्या वार्षिक पत्रिकेतून घालून दिली, तिचे ऋण बडोद्याच्या पुढील कलाविचारावर आहे.

तथापि बडोद्याच्या भिंतींवर युरोप त्याआधीच उतरला होता. १८४९ ते १८५४ या काळात संस्थानचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांच्या रावपुऱ्यातील वाड्यात तीनशेहून अधिक भित्तिचित्रे आहेत. त्यांत महाभारतातील प्रसंग आणि कृष्णलीला यांच्या शेजारी मराठे-इंग्रजांच्या लढाया आणि युरोपीय पेहरावातल्या स्त्रियाही दिसतात. या स्त्रियांना कथा नाही. त्या पाहायला मिळालेल्या, कुतूहल वाटलेल्या म्हणून भिंतीवर आल्या आहेत. मराठी वाड्याच्या आतल्या दालनात, पुराणाच्या ओळीतच, अशी निव्वळ पाहण्यासाठी काढलेली माणसे बसवणाऱ्या त्या अनामिक चित्रकारांना या ग्रंथात पहिल्या प्रकरणाचा मान दिला आहे, कारण दरबारी आज्ञेच्या चौकटीत राहूनही त्यांनी कथेबाहेरच्या माणसाला जागा करून दिली.

राजा रविवर्मा यांचे बडोद्याशी असलेले नाते सर्वश्रुत आहे. तंजावरच्या मराठी घराण्यात जन्मलेले दिवाण टी. माधवराव यांच्यामुळे ते इथे आले, सयाजीरावांसाठी त्यांनी पौराणिक चित्रमालिका रंगवली, आणि ही चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या तैलरंगी छापील प्रती, म्हणजे ओलिओग्राफ, काढाव्यात अशी सूचनाही माधवरावांनीच त्यांना केली होती. पुढे १८९४ मध्ये मुंबईत निघालेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेला त्यांचा छापखाना या विचाराची परिणती होय. बडोद्याच्या दरबाराने त्यांच्याकडे नल-दमयंती आणि राम-सीता मागितले, परंतु १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनास त्यांनी पाठवलेली दहा चित्रे भारतातील निरनिराळ्या प्रांतांतल्या स्त्रियांच्या रोजच्या जीवनाची होती. त्याच सुमारास आणि नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून आलेल्या पेस्तनजी बोमनजी आणि महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी घरातल्या आणि रस्त्यावरच्या माणसांना चित्रात आणले. मुंबईच्या आडवाटांवर एस. एम. एडवर्ड्स यांनी लिहिलेल्या १९१२ च्या पुस्तकातली धुरंधरांची चित्रे आजही त्या काळच्या शहराचा भरवशाचा दस्तऐवज आहेत. तरीही या चित्रांत पाहणाऱ्याची जागा बरीचशी बाहेरची आहे. वेश, दागिने, जात, प्रांत यांची नोंद होते. माणूस आपल्या वेळेचे काय करतो हे क्वचितच कळते.

ही उणीव भरून निघाली ती बडोद्यातच, आणि ज्याने ती भरून काढली तो चित्रकार धंद्याने हिशेबनीस होता. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा सुरू झाली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) यांनी तिथे १९६६ पर्यंत चित्रकला शिकवली आणि विद्यार्थ्यांना शैलीच्या बंधनात न अडकवता रंगाशी झुंजायला लावले. मुंबईत १९३४ मध्ये जन्मलेले भूपेन खख्खर १९६२ मध्ये बडोद्यास आले, कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमात दाखल झाले आणि पुढे कित्येक वर्षे अर्धा दिवस हिशेबाची नोकरी, उरलेला दिवस चित्र, असे जगले. गुजरातीत त्यांनी कथा आणि नाटकेही लिहिली. छापील देवदेवतांच्या तसबिरी, दुकानांच्या पाट्या, नाथद्वाऱ्याच्या पिछवाया आणि ‘कंपनी शैली’, म्हणजे इंग्रज गिऱ्हाइकांसाठी भारतीय चित्रकारांनी काढलेली निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांची चित्रे, या सर्वांना त्यांनी निःसंकोच जवळ केले. १९७२ च्या आसपास त्यांनी ‘जनता वॉच रिपेअरिंग’, ‘डिलक्स टेलर्स’ यांसारखी चित्रे रंगवली, आणि न्हाव्याचे दुकानही त्याच काळातले.

‘जनता वॉच रिपेअरिंग’मध्ये घड्याळजी आपल्या टेबलामागे बसला आहे, भोवती घड्याळेच घड्याळे आहेत, वर दुकानाची पाटी आहे, आणि सारे रंग सपाट, स्वच्छ, पाटी रंगवणाऱ्याच्या हाताने भरल्यासारखे आहेत. द होखच्या विटांतला उजेड इथे नाही. सावली जवळजवळ नाहीच. परंतु वस्तूंविषयीचे प्रेम तेच आहे, आणि माणसाला त्याच्या जागी, त्याच्या सामानासह बसवून त्याच्याविषयी कोणताही निवाडा न देण्याची वृत्तीही तीच आहे. घड्याळजी कामात आहे की गिऱ्हाइकाची वाट पाहतो आहे, हे ठरवता येत नाही. या ग्रंथाचे मुख्य म्हणणे इथे येऊन ठेपते. बडोद्याच्या चित्रांतली फुरसत काम संपल्यावर मिळालेली नाही. ती कामाच्या पोटातच आहे. दुकान उघडे आहे, माणूस जागेवर आहे, पण गिऱ्हाईक नाही, आणि त्या मोकळ्या वेळेत तो नुसता आहे, समोरच्या रस्त्याकडे पाहतो आहे. भारतातल्या लक्षावधी छोट्या दुकानदारांचे, कारकुनांचे, टपरीवाल्यांचे आयुष्य या वाट पाहण्यातच जाते, आणि ते चित्राला पात्र आहे असे खख्खर यांच्यापूर्वी कोणी इतक्या ठामपणे म्हटले नव्हते. याच काळात त्यांनी जिलबी खाणारा माणूस रंगवला, प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ धरलेला माणूस रंगवला, सहायक हिशेबनीस रंगवला. या माणसांना नायक करण्यासाठी त्यांना कोणताही पराक्रम जोडावा लागला नाही.

१९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्रात त्यांनी हेच पाहणे स्वतःवर घेतले. सज्जात एक विवस्त्र पुरुष आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि खालच्या रस्त्यावर बाप, मुलगा आणि गाढव यांची, मराठी शाळकरी मुलालाही पाठ असलेली, गोष्ट टप्प्याटप्प्याने घडते आहे. आजूबाजूला गावातली माणसे आपापल्या उद्योगात आहेत. टेर बोर्खच्या तरुणीप्रमाणे इथेही पाठ आहे, इथेही चेहऱ्यावरचे उत्तर दडलेले आहे. परंतु इथे तात्पर्याची गोष्टच दृश्याचा एक भाग झाली आहे, आणि ती पाहणारा पुरुष, ज्याच्यात चित्रकाराने समलिंगी म्हणून जगण्याचा आपला निर्णय गुंफला असे मानले जाते, त्या तात्पर्याकडे निवांतपणे पाहू शकतो. उपदेश की वर्णन या डच वादाला भारतीय चित्रकाराने दिलेले इतके समंजस उत्तर दुसरे नाही. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे.

त्याच वर्षी मुंबई आणि दिल्ली येथे भरलेल्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात खख्खर यांच्याबरोबर बडोद्याचे गुलाममोहम्मद शेख, ठाण्याचे सुधीर पटवर्धन, तसेच जोगेन चौधरी, नलिनी मलानी आणि विवान सुंदरम् सहभागी होते. पुण्यात जन्मलेले आणि क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करणारे पटवर्धन यांनी १९७७ मध्ये ‘इराणी रेस्टॉरंट’ रंगवले. त्यातला माणूस चहाच्या टेबलाशी बसला असला तरी त्याच्या अंगातला थकवा कामाचा आहे, आणि मुंबईच्या फुरसतीत हा थकवा किती भरलेला असतो हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. शेख यांच्या १९८१ ते १९८४ या काळातल्या ‘सिटी फॉर सेल’ मध्ये बडोदे शहरच आहे. एकीकडे ‘सिलसिला’ चित्रपट चालू आहे, भाजीवाली आपली भाजी घेऊन आहे, आणि त्याच शहरात दंगल पेटलेली आहे. करमणूक आणि हिंसा एका भिंतीच्या अंतरावर असू शकतात, आणि रिकाम्या माणसांचा घोळका चहा पीत बसू शकतो तसा दगडही उचलू शकतो, हे त्या विशाल पटावर दिसते. सतराव्या शतकातल्या चित्रांत सैनिक पत्ते खेळताना दिसतात ते याच कारणाने अस्वस्थ करतात. स्पेनविरुद्धच्या ऐंशी वर्षांच्या युद्धाची ती विसाव्याची घटका आहे.

या संपूर्ण परंपरेत एक मोठी पोकळी मात्र आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. डच खोल्या स्त्रियांनी भरलेल्या आहेत. बडोद्याच्या दुकानांत स्त्री जवळजवळ नाहीच, कारण चौकात नुसते उभे राहण्याचा, टपरीवर रेंगाळण्याचा, वाट पाहत बसण्याचा हक्क आपल्या शहरांनी पुरुषाला दिला. हार्लेमच्या संघात स्वतःच्या नावाने दाखल झालेली चित्रकर्ती यूडिथ लेस्टर (१६०९–१६६०) हिने १६३१ मध्येच हा प्रश्न चित्रात मांडला होता: दिव्याच्या उजेडात एक बाई शिवणात मान घालून बसली आहे, खांद्याशी झुकलेला पुरुष तळहातावरची नाणी तिच्यापुढे धरतो आहे, आणि ती वर पाहत नाही. त्याची फुरसत तिच्या कामावर येऊन आदळते आहे. बडोद्यात शिकलेल्या आणि तिथेच राहणाऱ्या नीलिमा शेख यांनी १९८४-८५ मध्ये ‘व्हेन चंपा ग्रू अप’ ही बारा छोट्या टेंपेरा चित्रांची मालिका केली. त्यांना ओळखीच्या असलेल्या एका मुलीच्या हकीकतीवर ती आधारलेली आहे. खेळण्याबागडण्याच्या वयातली चंपा, तिचे लग्न, सासरचे काम आणि हुंड्यासाठी तिचा झालेला बळी, असा तिचा क्रम आहे. सुरुवातीच्या चित्रांत मुलीच्या अंगात जो मोकळेपणा आहे तो पुढच्या चित्रांत कागदाच्या कोपऱ्यांत आकसत जातो, आणि लघुचित्रांच्या कोमल रंगांतच हे सांगितल्यामुळे त्याचा घाव अधिक खोल बसतो. स्त्रीच्या वाट्याची फुरसत कधी आणि कोणी काढून घेतली याची तारीखवार नोंद म्हणूनही ही मालिका पाहता येते, आणि म्हणूनच ग्रंथाचे सर्वांत दीर्घ प्रकरण तिला दिले आहे.

डच व्यक्तींची आणि गावांची नावे या ग्रंथात शक्य तितकी मूळ उच्चाराला धरून लिहिली आहेत. ‘हॉलंड’ हा शब्द मराठीतल्या रूढीप्रमाणे संपूर्ण डच प्रजासत्ताकासाठी वापरला आहे, जरी तो मुळात त्यातल्या एका प्रांताचा होता. चित्रांची वर्षे जिथे अंदाजाने ठरवलेली आहेत तिथे तसे नमूद केले आहे. वाचकाने छापील चित्रांवर समाधान मानू नये, ही विनंती. बडोद्यास जाणे ज्याला शक्य आहे त्याने कामाठीबागेतले चित्रदालन, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातले महाराजा फतेहसिंह संग्रहालय आणि तांबेकर वाडा ही तीनही ठिकाणे पाहावीत, आणि दालनातल्या डच चित्रांपाशी, काळवंडलेल्या वार्निशखाली आधी काहीच नीट दिसत नाही असे वाटले तरी, डोळे सरावेपर्यंत थांबावे.